शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द

पत्र:
"आम्ही सहा जण आहोत. मी आणि माझी मावसबहीण गातो. बाकी कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोलकी अन् गिटार. सेलू, मानवत, पाथरीकडं गणपती, नवरात्र, लग्नाच्या आदल्या रातीचे कार्यक्रम करतो. सिनेमाची गाणी म्हणली की पोरं खुर्च्यांवर उभी राहतात. पण आमची स्वतःची तीन गाणी आहेत, मी लिहिलेली. ती सुरू झाली की लोकं पाणी प्यायला उठतात. ह्या नवरात्रात तर माईकनं अशी सीटी मारली की पुढची लेकरं कानं झाकून रडायला लागली. अध्यक्ष म्हणले, पुढच्या वर्षी सरळ डीजेच लावू. सोबत मोबाइलचा व्हिडिओ आणि गाण्यांचे कागद पाठवतोय. लोकांना नवीन नकोच आहे का, का माझं लिहिणंच कच्चं आहे? आणि दुसऱ्यांची गाणी म्हणायला परवानगी लागती का, तेबी सांगा."
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

नमस्कार.

आधी कागद बाजूला ठेवून नुसता व्हिडिओ ऐकला. तुमच्या तीन गाण्यांपैकी टँकरवरच्या गाण्यातले कळलेले शब्द असे: 'माय', 'पाणी' आणि एकदा 'उन्हात'. कागदावर त्या गाण्याच्या १४ ओळी आहेत.

लोक उठतात ते इथं. सिनेमाचं गाणं त्यांना पाठ असतं. तुमचे अर्धे शब्द वाऱ्यावर गेले तरी उरलेले ते स्वतःच्या पदरचे भरतात आणि वर टाळ्याही देतात. नव्या गाण्याला ही उधारी मिळत नाही. ते मैदानात एकदाच ऐकू येणार. त्याच वेळी कळलं नाही तर माणूस पाण्याच्या जारकडे जाणारच, त्यात त्याचा काय गुन्हा? आणि 'लोकांना नवीन नकोच' हे निदान मराठवाड्यात तरी म्हणू नका. १४ जानेवारीला, नामांतर दिनी, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटवर भीमगीतांचे स्टेज लागतात, तिथं कधी न ऐकलेलं गाणंही लोक उभ्यानं ऐकून घेतात. लोककवी वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव जाऊन ऐकवली. त्यातलं प्रत्येक गाणं कधीतरी कुणासाठी पहिल्यांदाच ऐकलेलं होतं. त्यांची ओळ पहिल्या फटक्यात कळते, एवढाच त्यातला फरक.

तेव्हा तुमचा सीटीचा प्रश्न आणि लिहिण्याचा प्रश्न हे मी वेगळे धरत नाही. शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत जात नाही. थोडं साऊंडनं अडतं, थोडं वाद्यांनी आणि बरंचसं ओळीच्या बांधणीनं.

आधी सीटी. व्हिडिओत मावसबहिणीचा माईक ओठांपासून जवळपास वीतभर लांब दिसतो. तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो. दोन बोटांवरचा, म्हणजे ४ सेंटिमीटरवरचा माईक १६ सेंटिमीटरवर गेला की १२ डेसिबल गेले. मग साऊंडवाला तेवढा गेन, म्हणजे माईकची आवाज उचलायची ताकद, चढवतो. आता तिचा आवाज पहिल्याइतकाच झाला, पण त्याच माईकमध्ये शेजारची ढोलकी, पायाजवळचा मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) आणि मैदानाचा टॉप (लोकांकडे तोंड असलेला मोठा स्पीकर) हे सगळे १२ डेसिबल जास्त शिरायला लागले. माईकमधून स्पीकर, स्पीकरमधून परत माईक असा फेरा सुरू झाला की सीटी वाजते. म्हणून पहिला उपाय गाणाऱ्याच्याच हातात आहे: माईक ओठांपासून दोन बोटं, तार सप्तकात चार बोटं, बस. आणि तुम्ही स्वतः जाळी मुठीत गच्च धरता, ते सोडा. मोठ्या ऑर्केस्ट्रातल्या गायकांना बघून ही ढब लागते. हातातल्या माईकला मागचा आवाज कमी ऐकू यावा म्हणून जाळीच्या मागच्या बाजूला मोकळी हवा लागते. ती झाकली की माईक चहूकडचं ऐकायला लागतो.

दुसरी गोष्ट डावीकडच्या टॉपची. तो देवीच्या कमानीला टेकवून ठेवलाय, गायकांच्या मागे. मंडपवाल्याला ते देखणं वाटलं असेल, पण माईकच्या मागे टॉप म्हणजे सीटीला आवतण. दोन्ही टॉप गायकांच्या निदान दोन मीटर पुढे घ्या आणि स्टँडवर इतके उंच करा की तोंड बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून मागच्या रांगांकडे राहील. जमिनीवर ठेवलेला टॉप पुढच्या लेकरांच्या कानठळ्या बसवतो आणि तिसऱ्या रांगेच्या अंगात जिरून जातो. मॉनिटर कुठं ठेवायचा हे माईकवर अवलंबून आहे. माईकच्या डब्यावर एक आकृती असते. ती बदामासारखी असेल तर माईक बरोबर दांड्याच्या टोकाच्या बाजूनं बहिरा, तेव्हा मॉनिटर गायकाच्या अगदी समोर, दांड्याच्या रेषेत. बदामाला मागे छोटं शेपूट असेल तर तो माईक थेट मागचं थोडं ऐकतो. मग मॉनिटर समोरून हलवून तिरका, डावी-उजवीकडे.

साऊंडचेकला तुम्ही फक्त 'हॅलो, चेक, वन टू' म्हणता असं दिसतं. ४० मिनिटं मागून घ्या आणि अशी वापरा. सगळे माईक जिथं असणार तिथं ठेवा, कुणी बोलू नका, आणि गायकाचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, हळूहळू चढवा. कुठंतरी माईक गुणगुणायला लागेल. त्याचा स्वर ओळखा: 'ऊ'सारखा असेल तर साधारण २५० हर्ट्झ, 'ओ' ५००, 'आ' १०००, 'ए' २०००, आणि 'ई' म्हणजे ४००० च्या आसपास. ग्राफिक इक्वलायझरवरची ती पट्टी ३ ते ६ डेसिबल खाली ओढा, पुन्हा फेडर चढवा. असं तीन-चार ठिकाणी करा आणि थांबा. दहा पट्ट्या खाली ओढल्या की सीटी थांबते, पण गळा फुटक्या डब्यात बसल्यासारखा येतो. नको असलेले माईक बंद ठेवा. चालू माईकांची संख्या दुप्पट केली की सीटी वाजण्याआधीची जागा ३ डेसिबलनं आक्रसते. तुमच्या स्टेजवर निवेदकाचा माईक कार्यक्रमभर उघडा आहे. तो का?

मिक्सरवर गायकांच्या चॅनलला लो-कटचं, म्हणजे खालचा घुमणारा आवाज कापणारं बटण असतं, ८० किंवा १०० हर्ट्झ लिहिलेलं. ते दाबा. ढोलकीच्या धुमेच्या, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूच्या, माईकवर दाबू नका, नाहीतर ढोलकी डफडं होईल.

आता इको. हा आपल्याकडचा जुना आजार. आवाजाला भारदस्तपणा येतो म्हणून साऊंडवाले इकोचं बटण अर्ध्याच्या वर ठेवतात, आणि गायकालाही स्वतःचा आवाज गोड वाटतो म्हणून तो बोलत नाही. तुमच्या व्हिडिओतला इको साधारण ३०० मिलिसेकंदांचा आहे. टँकरच्या गाण्याची पहिली ओळ तुम्ही लिहिलीय ती अशी:

प्रतीक्षेच्या क्षितिजावर मावळल्या आशेच्या रेषा

अक्षरं मोजा: १८. लय मिनिटाला १४० मात्रांची, केरवा तालाचं एक आवर्तन, म्हणजे एक फेरा, ८ मात्रांचं, म्हणजे अख्खी ओळ ३.४ सेकंदांत. एका अक्षराला जेमतेम १९० मिलिसेकंद मिळतात. त्यात ३०० मिलिसेकंदांनी मागचा शब्द परत येतो आणि बरोबर पुढच्या दोन अक्षरांवर बसतो. 'क्षितिजावर'च्या 'जा'वर 'क्षि' आदळतो. त्यातून प्र, क्षे, च्या, क्षि, ल्या, च्या अशी सहा जोडाक्षरं! ऐकणाऱ्याच्या पदरात फक्त गजर पडतो. पत्र्याचं शेड असलेल्या मंगल कार्यालयात तर मशीनच्या इकोची गरजच नाही, पत्रा फुकट देतो. मैदानात समोर ३० मीटरवर शाळेची भिंत असेल तरी आवाज जाऊन येऊन सुमारे १७५ मिलिसेकंदांनी परततो. तेव्हा बोलताना इको पूर्ण बंद, गाताना कानाला जेमतेम जाणवेल इतका, आणि जलद गाण्यात नाहीच.

मागे ३० मीटरवर आणखी दोन स्पीकर लावलेत, हे चांगलंच केलं. पण वायरमधून आवाज तिथं लगेच पोहोचतो आणि स्टेजवरचा हवेतून यायला साधारण ८७ मिलिसेकंद लागतात. मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मिक्सरला किंवा प्रोसेसरला डिले असेल तर मागच्या जोडीला ९० मिलिसेकंद द्या. थोडा जास्तच दिला की आवाज स्टेजवरून आल्यासारखा वाटतो. डिलेची सोय नसेल तर मागची जोडी सरळ बंद करा आणि पुढचे टॉप अजून हातभर वर चढवा.

विजेचं थोडक्यात, पण हे टाळू नका. लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत डिजिटल मिक्सर बंद पडून पुन्हा उठतो आणि तेवढ्यात मैदान रिकामं होतं, म्हणून मिक्सरला छोटा यूपीएस हवा. आणि 'घूंऽऽ' असा आवाज येतो म्हणून कुणी गिटारच्या अँपची अर्थिंगची पिन कापून टाकत असेल तर त्याचा हात धरा: गिटारच्या तारेवर बोटं आणि ओठ माईकच्या जाळीला, असा झटका जीव घेऊ शकतो. सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच फेजवर, एकाच बोर्डावर घेतले की घूं बहुतेक वेळा जातो.

साऊंड इतका झाला. आता तुमच्याच पोरांकडे बघू.

कॅसिओवाला हाताला चांगला आहे, पण तुम्ही गाता तीच ओळ तो बासरीच्या टोनमध्ये सोबत वाजवत राहतो आणि डाव्या हातानं खाली स्ट्रिंग्जचा पाट वाहतो. सिनेमाच्या गाण्यात खपून जातं. नव्या गाण्यात मात्र बासरी तुमच्याच स्वरांवर, तुमच्याच पट्टीत बसते, आणि शब्द खाली दबतो. त्याला सांगा: शब्द चालू असताना डावा हात उचल, उजव्या हातानं फक्त ओळ संपल्यावरच्या दोन मात्रांत बोल. ऑक्टोपॅडवाल्यालाही हेच. कडव्यात त्याचा झांजेचा पॅड बंद, धृवपदाला उघडायचा. झांजेचा 'छऽऽ' आणि आपल्या स, श, च, त यांचा आवाज एकाच उंचीवर राहतात. 'सासर' की 'वासर' हे कळण्यासाठी तीच जागा मोकळी हवी.

लिहिण्याकडे येतो. तुमचं लिहिणं कच्चं नाही. चांगलं तेच तुम्ही तळाशी पुरलंय. पहिल्या दहा ओळींत प्रतीक्षा, क्षितिज, तृष्णा, शुष्क अधर. परभणी जिल्ह्यात एप्रिलमध्ये ज्यानं हंडा उचललाय त्याला 'तृष्णा' कशाला सांगायची? आणि मग अकराव्या ओळीला तुम्हीच लिहिता:

टँकर आला गावात, माय उभी उन्हात

हे गाणं आहे! हीच पहिली ओळ करा, धृवपदही हीच. वरच्या दहांतल्या आठ तरी काढून टाका, वहीत राहू द्या.

पण ही ओळसुद्धा ढोलकीवर किंचित लंगडते. मोजून बघा. 'टँकर आला गावात' ८ अक्षरं, 'माय उभी उन्हात' ७. व्हिडिओत तुम्ही ते एक अक्षर भरायला 'उन्हाऽत' ओढता आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हुकते. एक 'गं' टाका: 'माय उभी गं उन्हात'. झाली आठ. आठ-आठ अक्षरांची, शेवटी यमक असलेली ही जोडी म्हणजे आपला छोटा अभंग. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार असतं, आणि तो आखूड चौथा चरण फार हुशार आहे: तिथं गाणाऱ्याला श्वास मिळतो आणि टाळकऱ्यांना आपटायला जागा. नामदेवांचं नरसी आणि जनाबाईंचं गंगाखेड तुमच्याच भागात. गर्दीत म्हणायच्या ओळीचं माप शोधायला मुंबईकडे बघायची गरज नाही.

ती चार अक्षरांची जागा तुम्ही लोकांना द्या. गोंधळी आवाहन करतात तेव्हा प्रत्येक ओळीत देवीचं ठिकाण तेवढं बदलतं, तुळजापूर, माहूर, आणि 'गोंधळाला यावं' तसंच राहतं. दुसऱ्या ओळीपासून आख्खा मांडव म्हणायला लागतो, कारण नवीन पाठ करायचं काही उरतच नाही. पोवाड्यातली झीलही तेच काम करते: झीलकरी 'जी जी' धरतात तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि ऐकणारा मागची ओळ पचवतो. तुमच्या गाण्याला असं काहीतरी:

टँकर आला गावात – रांग लावा
माय उभी गं उन्हात – रांग लावा

'रांग लावा' चार अक्षरं, शेवटी 'आ', कितीही वेळ धरता येतो. लय मिनिटाला ११० मात्रांवर आणा. आता एका आवर्तनात १२ अक्षरं, ४.४ सेकंद, एका अक्षराला ३६० मिलिसेकंद. थोडाफार इको राहिला तरी शब्द वाचतो. शिवाय 'रांग लावा' आधी सरपंचाच्या तोंडचं वाटतं आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत टोचायला लागतं. हे शब्द नाही आवडले तर तुमचे घ्या, माप मात्र चारच ठेवा आणि शेवट स्वरावर करा.

स्वरावर शेवट का, ते तुमच्या तिसऱ्या गाण्यात ऐकू येतं. धृवपद 'वाट' या शब्दावर थांबतं आणि तुम्ही 'वाऽऽऽ' असा लांब धरून 'ट' सोडून देता. लोकांना 'वा' ऐकू येतं. निम्म्यांना वाटलं असेल आपल्याला दाद द्यायला सांगताहेत. ट, त, क, प यांवर संपणारा शब्द धरायचाच असेल तर व्यंजनाला स्वतःची मात्रा द्या: तीन मात्रा 'वा', चौथ्या मात्रेवर स्वच्छ 'ट'. 'गावात', 'उन्हात' यांनाही हाच नियम.

दुसऱ्या गाण्यातलं 'दिन सरले' बघा. सम 'दि'वर आहे आणि तुम्ही तो ताणता, त्यामुळे ऐकू येतं 'दीन सरले'. दिवस सरायचे होते, गरीब सरले. कागदावर ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही, पण तालानं ती केली. ऱ्हस्व अक्षर समेवर आलं की चाल ते ओढणारच. म्हणून समेवर दीर्घ अक्षर येईल अशी ओळ फिरवा. 'सरले दिन' म्हणा आणि 'ले' समेवर घ्या. सुत आणि सूत, शिर आणि शीर, असे आणखी सापळे आहेत. चाल लागल्यावर प्रत्येक समेवरच्या अक्षराखाली पेन्सिलीनं रेघ मारा. दोन मिनिटांत सगळं दिसतं.

मावसबहिणीचं वेगळं सांगायला हवं. गळा गोड आहे, पण तुम्ही तिन्ही गाणी तुमच्या काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून, बसवलीत आणि तिला धृवपदाला खालच्या षड्जापाशी गायला लावलंय. तिथं तिच्या आवाजाला दमच नाही, मग ती माईक लांब धरून संकोचानं गाते, आणि आपण वर सुरू केलेली सीटीची गोष्ट तिथून सुरू होते. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. धृवपद तुम्ही म्हणा, तिला पंचमापासून तार षड्जाच्या वरपर्यंत फिरणारे अंतरे द्या. पट्टी न बदलता ती तिच्या घरात येते. तिची एकटीची गाणी सरळ काळी चारला घ्या. ढोलकी काळी एकला लावलेली असेल तर काळी चारच्या गाण्यात ती मध्यमावर बसते, पुन्हा ठोकाठोक करावी लागत नाही. कॅसिओवाल्यानं ट्रान्सपोजचं बटण दाबलं असेल तर गाणं संपताच शून्यावर आणायचं. हे विसरलं की पुढच्या गाण्याची पहिली ओळ सगळ्या गावासमोर फाटते. पट्टीचा आकडा यादीत गाण्याच्या नावापुढे लिहून ठेवा.

यादीचं गणित. तुमच्या व्हिडिओत टँकरच्या गाण्याचा पहिला शब्द ५२व्या सेकंदाला येतो आणि धृवपद १ मिनिट ४० सेकंदांनी. आधी कॅसिओ, मग ऑक्टोपॅडची करामत, मग गिटार. ओळखीच्या गाण्याला लांब सुरुवात शोभते, कारण लोक वाट बघत असतात. अनोळखी गाण्याची कोण वाट बघणार? १५ सेकंदांत शब्द, ४० सेकंदांत धृवपद.

आणि ती घोषणा बंद करा: 'आता आम्ही आमचं स्वतःचं गाणं सादर करतो, कृपया शांततेनं ऐका.' ही जेवणाची सुट्टी जाहीर केल्यासारखी वाटते. त्यापेक्षा केरव्यातलं एक गाजलेलं जलद गाणं संपताना ढोलकी थांबवूच नका. लय ११० वर उतरवा, बाकी वाद्यं बंद, आणि लोकांकडून 'रांग लावा' दोनदा म्हणवून घ्या. मग ओळ सुरू. लय हातात असल्यामुळे हे जमतं; तयार ट्रॅकवर गाणाऱ्यांना लोकांसाठी दोन आवर्तनं थांबताच येत नाही, आणि समोर माणसं बसवून ट्रॅकच्या मागे धावण्यात काय मजा आहे मला कळत नाही. यादीत टँकरचं गाणं तिसऱ्या जागी ठेवा, तुमचं दुसरं एखादं नवव्या-दहाव्या जागी. उरलेलं तुमचं गाणं त्या रात्री घेऊच नका.

शेवटाला तर मुळीच ठेवू नका, त्याला कायदेशीर कारणही आहे. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट मिळू शकते, पण तुमचा दिवस त्यात आहे का हे मंडळाला आधी विचारा. आपल्याकडे साडेसातचा कार्यक्रम साडेआठला, जेवणं उरकल्यावर भरतो. १० ला पोलीस आले की यादीचं शेपूट कापलं जातं. त्याच नियमांत रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. अध्यक्षांना डीजे हवा असेल तर हा आकडाही त्यांना सांगून ठेवा. तुम्ही मात्र डीजेच्या भिंतीशी आवाजात बरोबरी करायला जाऊ नका. चारशे माणसांच्या मैदानाला चार टॉप, चार बेस पुष्कळ होतात. जास्तीचा बेस पहिल्यांदा तुमचे शब्दच खातो.

पुढच्या कार्यक्रमाला एक करा: सहावं गाणं संपलं की गिटारवाल्याला खाली पाठवा, मागच्या चहाच्या गाड्यावर. तिथल्या माणसाला 'गाणं कसं वाटलं' विचारू नका, लोक 'छान' म्हणतात. 'मघाच्या रांग लावा गाण्यात काय आलं होतं' हे विचारा. त्याला 'टँकर' आणि 'माय' आठवले तर काम झालं. नाही आठवले तर आधी इकोचं बटण बघा, मग ओळ.

परवानगीचं. धार्मिक विधीत आणि लग्नसमारंभात गाणी म्हणायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावून किंवा धंदेवाईक कार्यक्रम असेल तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस या त्यांच्या संस्थेचा परवाना लागतो, आणि तो आयोजकानं काढायचा असं करारातच लिहून घ्या. यूट्यूबवर सिनेमाचं गाणं स्वतःच्या आवाजात टाकलं तरी शब्द आणि चाल दुसऱ्याचीच राहते, तेव्हा कमाईवर दावा येऊ शकतो. तुमच्या तीन गाण्यांवर हक्क लिहिल्या क्षणापासून तुमचाच आहे, नोंदणी सक्तीची नाही. हवी असेल तर कॉपीराइट कार्यालयात शब्दांची आणि संगीताची नोंद वेगवेगळी होते, प्रत्येकी ५०० रुपये. पण त्याच्याआधी एक वही आणा. कोणत्या गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, तारीख, आणि सहा जणांच्या सह्या. टँकरची चाल कॅसिओवाल्यानं लावली असं कागदाच्या कोपऱ्यात तुम्हीच बारीक अक्षरात लिहिलंय. वहीत ते पहिल्या ओळीत येऊ द्या.